शिळं पाणी

आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत काचेच्या टाकीत पाच काळ्या मॉली होत्या, बोटाएवढे मासे. कॉलेज तपासायला कमिटी येणार म्हणून प्रयोगशाळेला रंग द्यायचं ठरलं. रंगाच्या वासात मासे जगणार नाहीत, म्हणून मॅडमनी वर्गात विचारलं, "रंगकाम होईपर्यंत यांना घरी कोण सांभाळेल?" मी हात वर केला. का केला ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या वर्गात मी स्वतःहून कधी बोलत नसे. उत्तर येत असलं तरी आधी मनातल्या मनात म्हणून बघायचे, बरोबर आहे ना याची खात्री करायचे, आणि तोवर दुसरं कोणीतरी ते सांगून मोकळं व्हायचं. त्या दिवशी हात आधी वर गेला आणि भीती मागून आली.

आणखी एक हात वर होता, वर्गातल्या एका मुलाचा. त्याच्या घरी हॉलमध्ये भिंतीच्या लांबीचा टँक आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुझ्याकडे कधी मासे होते?"

"नाही मॅडम."

"मग या निमित्तानं शिकशील. कपाटावरची जुनी टाकी घेऊन जा. पण पाणी तयार झाल्याशिवाय मासे मिळणार नाहीत. नाहीच जमलं तर हा आहेच."

ते शेवटचं वाक्य मला विसरता आलं नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. मला काही जमलं नाही तर ते करायला दुसरं कोणीतरी असतंच, असं मला शाळेपासून वाटत आलंय. हे पाच मासे माझ्याकडे यावेत आणि माझ्याकडे जगावेत, एवढंच मला त्या महिन्यात हवं होतं.

टाकी मांडीवर घेऊन मी रिक्षानं घरी आले. आमचं घर अक्कलकोट रोडच्या अंगाला, दोन खोल्यांचं. वडील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतात. शिफ्ट संपवून आले की त्यांच्या भुवयांवरसुद्धा सुताचा बारीक कापूस असतो. टाकी ठेवण्याजोगी सपाट जागा एकच होती, स्वयंपाकघरातल्या खिडकीखालचा कट्टा, आणि तिथं पाण्याच्या कळशा असायच्या. आईनं कळशा खाली उतरवल्या. काचेला खालून खडा टोचू नये म्हणून वडिलांनी एक जुनी चादर चौपदरी करून अंथरली, तिच्या सुरकुत्या तळहातानं काढल्या आणि म्हणाले, "ठिव आता. गादीवर बसवलं बघ तुझ्या माशास्नी."

खडी, फिल्टर आणि हवेचा पंप घ्यायला मी नवी पेठेमागच्या एका गल्लीतल्या दुकानात गेले. दुकानदार चाचांनी पिशवी हातात देताना विचारलं, "और मछली कौनसी देऊं?"

"मासे आत्ता नकोत. आधी पाणी तयार करायचंय."

"पानी क्या तय्यार करना बेटी? पानी तो पानीच है. आज पानी डालो, आज मछली छोडो."

"आणि मेले तर?"

"तो दुसरी ले जाव. मैं इधरीच हूं."

दुकानातली माणसं हसली. मीही हसले, पण रस्ताभर मला वाटत राहिलं की चाचांचंच बरोबर असेल तर? इतकी वर्षं ते मासे विकतायत. मी मात्र एक प्रकरण वाचलं होतं आणि मॅडमचं एक लेक्चर ऐकलं होतं.

त्या लेक्चरमध्ये जे होतं ते असं. मासे पाण्यातच खातात आणि घाणही पाण्यातच करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विष. पण पाण्यात एका जातीचे जिवाणू वाढले की ते अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू वाढतात आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते माशांना फारसं बाधत नाही. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजला आणि तळातल्या खडीला चिकटून राहतात. त्यांची वस्ती पक्की होईपर्यंत टाकी नुसती काचेची पेटी. वस्ती व्हायला काही आठवडे लागतात, आणि तोवर त्यांना उपाशी ठेवून चालत नाही. म्हणून मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते कुजू द्यायचं आणि वाट बघायची.

शेजारच्या काकू वाटी मागायला आल्या तेव्हा मी नेमकं तेच करत होते.

"मासं कुटं हायती गं?"

"अजून आणले नाहीत काकू."

"मग खायाला कुणाला घालाय लागलीस?"

"पाण्याला," मी म्हटलं, आणि म्हटल्या म्हटल्या कळलं की हे आता गल्लीभर होणार.

"अगं बया! तुझी लेक पाण्याला जेवू घालती की! कॉलेजात ह्येच शिकिवत्यात व्हय?"

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "घालू द्या की. तुमच्या मालकापरास पाणी बरं. ताट तरी ढकलून देत न्हाय."

काकू हसत हसत गेल्या. आई माझ्या बाजूनं बोलली होती, पण त्या गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "खरंच असं करायचं असतंय का गं? का तू काय चुकून ऐकलंस?"

मला खात्रीनं हो म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "असं पुस्तकात आहे."

विभागातून आणलेल्या टेस्ट किटनं मी पाणी तपासायचे. काचनळीत थेंब टाकायचे, नळी हलवायची आणि रंग येईपर्यंत बघत बसायचे. अमोनिया नसला तर पिवळा, असला तर हिरवा. नायट्राइट नसलं तर आकाशी, असलं तर जांभळा. आधी हिरवा गडद होत गेला. मग एका सकाळी हिरवा फिका दिसला आणि जांभळा आला. पुस्तकाप्रमाणे सगळं घडत होतं, तरी मला प्रत्येक वेळी वाटायचं की मी थेंब कमी टाकले, नळी नीट धुतली नाही, उजेड बरोबर नाही. वडील कारखान्यातून आले की आधी बाहेर अंग झटकून मगच आत येत, कारण सुताचा कापूस पाण्यावर बसेल असं मी एकदा म्हटलं होतं. मला वाईट वाटायचं. नको म्हणायलाही जीभ रेटायची नाही, कारण कापूस खरंच बसला तर?

शेवटी एका आठवड्यात जांभळा विरत गेला आणि दोन्ही नळ्या साफ आल्या, एक पिवळी, एक आकाशी. स्पंज तोवर तपकिरी आणि बुळबुळीत झाला होता. तो बघून मला कधी नव्हे तो आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये मॅडमना गाठलं आणि म्हटलं, "पाणी तयार झालंय मॅडम." त्या म्हणाल्या, "छान. सोमवारी रंगारी येतायत. शनिवारी मासे घेऊन जा."

हे गुरुवारी झालं. शुक्रवारी नळाला पाणी आलं.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं त्या दिवशी गल्लीत दुसरं काही होत नाही. पहिली हाक पडली की सगळ्या घरांतून बॅरल, कळशा, हंडे, बादल्या बाहेर निघतात. आधीचं उरलेलं पाणी शिळं. नवं पाणी आल्यावर शिळं कोणी ठेवत नाही. ते फरशीला, मोरीला, झाडाला जातं, भांडी आतून काथ्यानं घासून निघतात आणि मग ताजं पाणी भरलं जातं. ज्या घरात शिळ्यावर ताजं ओततात त्या घरातल्या बाईला गल्ली नावं ठेवते. आईच्या हंड्यांना कधी आतून बोट लावलं तर ते चुरचुर वाजतं.

एरवी आमच्या भागात पाणी संध्याकाळी यायचं. त्या शुक्रवारी ते दुपारीच आलं आणि मी प्रॅक्टिकलला होते.

घरी आले तेव्हा दारातली फरशी ओली होती. तुळशीच्या डब्यातून पाणी वाहत होतं. आई घामाघूम होऊन कट्ट्याला टेकली होती आणि खूश होती.

"बघ," ती म्हणाली.

टाकी लखलखत होती. पलीकडची खिडकी, खिडकीतली डाळीची बरणी, सगळं तिच्यातून स्वच्छ दिसत होतं. खडी तांदूळ धुतात तशी पाण्यातून काढून काढून धुतलेली, पांढरी. आणि फिल्टरमध्ये स्पंज, विकत आणला त्या दिवसासारखा निळा.

"लई शेवाळ धरलं हुतं त्येला. साबण लावला, दोनदा काथ्यानं घासला, तवा कुटं रंग दिसला. उद्या पाव्हणे यायचे म्हनलं तुझे, घाणीत कसं ठिवायचं?"

मी पिशवी खाली ठेवली. टाकीच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास येत होता. मला ओरडावंसं वाटलं नाही, खरं म्हणजे काहीच वाटेना. पाणी भरायच्या गडबडीत, कंबर दुखत असताना, तिनं आपल्या वाट्याचा तासभर वेळ माझ्या टाकीला दिला होता.

"काय झालं?" आईचा चेहरा बदलला. "फुटली का कुटं?"

"आई, त्या स्पंजात जिवाणू होते."

"जंतू व्हय? मग बरंच झालं की धुतलं त्ये."

"नाही गं. ते चांगले होते. तेच पाहिजे होते."

तिला कळेना. मी अमोनियापासून सुरुवात केली, नायट्राइटपर्यंत आले, आणि तिचा चेहरा बघून थांबले. मला वर्गात समजलेली गोष्ट घरात सांगता येत नव्हती, याचीही एक वेगळी भीती वाटली. मग चुलीजवळच्या फडताळात मला दह्याचं भांडं दिसलं.

"दही लावताना थोडं आधीचं दही ठेवतो ना आपण? तसं होतं ते. त्या चिकट थरात."

आई मग खाली बसली.

"म्हंजी मी विरजणच घासून टाकलं."

"तुला माहीत नव्हतं."

"आता नवं लागायला किती दीस?"

"आठवडे. मासे उद्या आणायचेत."

"मग विरजण मागून आण की. तुझ्या मॅडमच्या टाकीत असंल न्हवं?"

ते मला सुचलं नव्हतं असं नाही. पण मागायचं म्हणजे जाऊन सांगायचं की पाणी तयार नाही. कालच तयार म्हटलं होतं. मॅडम काय म्हणतील ते मला अगदी त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं: हा आहेच. मी आईला म्हटलं, "नको. मासे त्यालाच जाऊ देत. मी सांगते की आमच्याकडे जागा नाही."

"जागा न्हाय? कळशा भुईवर ठिवून जागा केली ती?" आई उठली. "सांडलं मी, मागायचं बी मीच. उद्या मी येते."

रात्रभर काय काय वाटलं ते लिहीत नाही. आई माझ्या कॉलेजात कधी आली नव्हती. ॲडमिशनलाही मी एकटीच गेले होते.

शनिवारी ती चांगलं लुगडं नेसून, हातात झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन माझ्याबरोबर शेअर रिक्षात बसली. कॉलेजच्या फाटकात मला वाटलं तिनं चप्पल काढू नये, आणि प्रयोगशाळेच्या दारात तिनं ती काढलीच. मॅडम टाकीजवळ उभ्या होत्या. तो मुलगाही होता, मोठी प्लास्टिकची पिशवी घेऊन. मी "मॅडम, ते..." एवढंच म्हणू शकले.

"मीच घासलं ओ बाई," आई म्हणाली. "हिचा काय दोष न्हाय. पाणी आलं हुतं, शिळं समजून सगळं काढलं आन् त्यो पोंज साबणानं धुतला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "पूर्ण धुतला? खडीपण?"

मी मान हलवली.

"अरेरे," तो मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, आणि म्हणून मला जास्त लागलं.

"विरजण द्या थोडं," आई म्हणाली आणि डबा पुढे केला. "डबा सोडा घालून उकळून आणलाय. स्वच्छ हाय."

मॅडम क्षणभर डब्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू आलं. "विरजणच म्हणायचं याला. पण ताई, उकळलेला डबा गार पाण्यानं विसळून घ्यावा लागेल हं, सोडा राहिला असला तर." त्यांनी डबा टाकीच्याच पाण्यानं स्वतः विसळला, फिल्टरमधला जुना काळपट स्पंज कात्रीनं अर्धा कापला आणि टाकीतल्या पाण्यासकट डब्यात घातला. वर दोन मुठी खडी.

"हे वाळू द्यायचं नाही. नळाखाली धरायचं नाही. कधी धुवायचंच झालं तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात नुसतं पिळायचं."

"म्हंजी घाण पाण्यात घाण धुवायची?"

"हो."

"आन् वास आला तर?"

"मातीचा आला तर येऊ द्या. कुजका आला तर हिला सांगा."

आईला हे पटलं नव्हतं, ते मला तिच्या ओठांवरून दिसत होतं. पण ती म्हणाली, "बरं. तुमचं म्हननं."

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "पाच एकदम नाही द्यायची मी. दोन ने. अर्ध्या स्पंजावर दोन निभतील. तीन याच्याकडे राहतील. तुझ्या नळ्या सलग साफ आल्या तर मला फोन कर, मग बाकीच्यांचं बघू." आणि त्यांनी क्लोरीन उडवायच्या थेंबांची एक बाटली दिली.

घरी आल्यावर मी टाकीतला साबणाचा अंश जाईपर्यंत बॅरलचं पाणी घालून काच आणि खडी विसळली. आईचा निळा स्पंज काढून टाकला. तो उन्हात वाळत पडला होता तेव्हा ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. नवं पाणी, थेंब, काळा स्पंज, खडी. माशांची पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून मग हळूहळू दोन्ही मॉली सोडल्या. त्या कोपऱ्यात जाऊन एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. मी पण त्या कोपऱ्यासमोर उभी राहिले.

पहिल्या दिवशी अमोनियाची नळी पिवळी होती. दुसऱ्या दिवशी कडेला किंचित हिरवट वाटली. तिसऱ्या दिवशी वाटायचं काही उरलं नाही, ती हिरवी होती आणि एक मॉली वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडत होती. अशा वेळी टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढं नवं घालायचं असतं, विष पातळ होतं. ते मी केलं. संध्याकाळी पुन्हा केलं. आणि तेव्हाच बातमी आली की कुठेतरी पाइपलाइन फुटली आहे आणि पाण्याचा दिवस पुढं गेलाय. कधी येईल ते कोणी सांगेना.

बॅरल निम्म्यावर आला होता. मी बादली घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. बोटाएवढे दोन मासे आणि तीन माणसं. मी बादली खाली ठेवली.

वडील अंग झटकून आत आले. त्यांनी बॅरल बघितला, बादली बघितली, टाकी बघितली.

"वर का तोंड करतंय त्ये?"

"पाण्यात अमोनिया वाढलाय. थोडं बदललं की बरं वाटतं त्याला."

"मग बदल की."

"आपल्याला पुरणार नाही बाबा."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "मी आंघोळ उद्या कारखान्यावरच करतो. तिथं बोअर हाय." आणि आईकडे बघून, "तुझं काय?"

"माझं काय, भांडी राखंनं घासून फडक्यानं पुसीन," आई म्हणाली. "आन् त्ये काढलेलं पाणी फेकू नगो. मोरीत वतायला हुतंय."

मी घेतलं. थोडंसंच घेतलं. पण घेतलं. मला लाज वाटत होती आणि त्याचबरोबर त्या मॉलीचं तोंड खाली जातंय का ते मी बघत होते. काही वेळानं ते गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आलं. खाणं मी दिवसाआड केलं, तेही चिमटीतलं अर्धं परत डबीत टाकून. कॉलेजात मन लागत नव्हतं. तो मुलगा रोज विचारायचा, "जिवंत आहेत ना?" आणि मी हो म्हणायचे, पण सकाळी जिवंत होते एवढंच मला माहीत असायचं.

मग एका सकाळी नळी हिरवी झाली नाही. मला ते खरं वाटेना. मी ती खिडकीत धरली, मग दारात नेऊन उन्हात धरली, आणि आईला हाक मारली.

"हा रंग कसला आहे?"

"कसला पायजे?"

"ते नाही सांगणार. तू सांग कसला आहे."

तिनं डोळे बारीक केले. "पिवळाच म्हणायचा. फिका. हिरवा न्हाय बघ त्यात." मग लगेच, "बरं हाय ना? का वंगाळ?"

नायट्राइटची नळीही आकाशी होती. मी दुसऱ्या दिवशी तपासलं, तिसऱ्या दिवशीही तपासलं. दोघी मॉली टाकीभर फिरत होत्या आणि खडीवरचं काहीतरी टोचून टोचून खात होत्या. पाणी अजून आलं नव्हतं. टँकर येऊन गेला होता आणि बॅरलमध्ये तळाशी वीतभर पाणी होतं.

मी मॅडमना फोन केला. नळ्यांचे रंग सांगितले. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, किती वेळा तपासलं, किती पाणी बदललं, खाणं किती. मी सांगत गेले.

"वा," त्या म्हणाल्या. "मग उद्या बाकीच्या तिन्ही त्याच्याकडून घेऊन जा. त्याला मी सांगते."

मला हेच ऐकायचं होतं. महिनाभर मला हेच हवं होतं. आई समोर उभी होती, हात ओले, आणि हाताचा अंगठा वर करून विचारत होती, देतायत का? मी टाकीकडे बघितलं. तो अर्धा स्पंज, त्याच्या कापलेल्या कडेवर आता कुठं तपकिरी छटा येत होती. दोघींचं ओझं त्याला जेमतेम पेलत होतं.

"मॅडम," मी म्हटलं, आणि या वेळी मनातल्या मनात म्हणून बघितलं नाही. "तीन एकदम नको. आत्ता एकच द्या. ती नीट राहिली आणि आमच्याकडे पाणी आलं की दुसरी नेईन. जिवाणू अजून तेवढे झाले नसतील."

मी डोळे मिटून घेतले.

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "एकच ने. आणि डबा पण आण येताना, थोडा स्पंज अजून देते."

मी फोन ठेवला. आईनं विचारलं, "एकच का गं? तिघीबी देत हुत्या न्हवं?"

"पाणी आल्यावर, आई."

तिनं बॅरलचं झाकण उचलून आत डोकावलं, झाकण परत ठेवलं आणि डबा शोधायला लागली.